बाबांच्या राजाचं शेवटचं पत्र

माझ्या वडिलांचा एक राजा आहे. राजा म्हणणंही खरं तर जास्तच. जर्मन मुलखातल्या एका एवढ्याशा संस्थानाचा तो अधिपती होता, साडेतीनशे वर्षांपूर्वीचा. मी राहते त्या बेटाएवढ्या परदेशात रोज पूर्वेच्या पासिर रिसहून पश्चिमेच्या जुरोंग ईस्टला ऑफिसला जाते, तेवढ्या वेळात घोड्यावरून त्याचं राज्य आरपार ओलांडून व्हायचं, असं बाबा सांगतात. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. बाबांचं पुस्तक अजून छापून आलेलं नाही, आणि आधीच नाव फोडलं तर ते माझ्याशी बोलायचे बंद होतील. ते बोलायचे बंद होऊ शकतात, हे मला अनुभवाने माहीत आहे.

बाबा पुण्याच्या एका शाळेत इतिहास शिकवायचे. नववीच्या पुस्तकात युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धावर दोन परिच्छेद होते आणि ते दोन परिच्छेद त्यांनी निवृत्त होईपर्यंत दर वर्षी शिकवले. मग एका रविवारी जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्यांना एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ मिळाला. पुठ्ठा उडालेला, पहिली चार पानं गायब. त्यात या राजाची पत्रं होती, आणि त्याच्या दरबारात रोजच्या रोज लिहिली जाणारी टिपणवही होती. कुणा इंग्रज पाद्र्याने ते सगळं भाषांतर करून छापलेलं. इतर लोक निवृत्तीनंतर देवदर्शनाला जातात. बाबा त्या ग्रंथात गेले, आणि बारा वर्षं झाली तरी बाहेर आलेले नाहीत.

राजा होताही जीव लावण्यासारखा. गादीवर आला तेव्हा मिसरूड फुटलेलं नव्हतं, युद्ध नुकतंच संपलेलं, निम्मी गावं ओस, शेतांत झाडं माजलेली. पहिल्या वर्षी त्याने महालाचं गळकं छप्पर तसंच ठेवलं आणि आधी पूल बांधून घेतले. गावोगावी शाळा काढल्या, मुलींनाही शाळेत पाठवायला लावलं, आणि न पाठवणाऱ्या बापाला शाळेचं अंगण झाडायची शिक्षा ठेवली. रस्त्यांच्या दुतर्फा नासपतीची झाडं लावली. वाटसरूने खाली पडलेलं फळ खुशाल खावं, झाडावरचं तोडू नये, असा हुकूम. बाजारात स्वतः जाऊन पाव हातात धरून बघायचा, वजनात मारलंय का म्हणून. बाबांना हे सगळं आवडायचंच, पण ते खरे लुब्ध होते त्याच्या हट्टीपणावर. शेजारच्या बड्या राजाने सैन्याला वाट मागितली तर याने नाही म्हटलं, आणि अख्खा हिवाळा स्वतःच्याच किल्ल्यात वेढ्यात काढला. 'न वाकलेला राजा' असं बाबांनी हस्तलिखितावर लाल शाईने लिहून ठेवलं होतं.

या राजाला एकच मुलगी. तो प्रॉटेस्टंट, तिने कॅथलिक घराण्यातला नवरा पसंत केला आणि लग्नाआधी त्याचा पंथ घेतला. राजाने काय केलं, तर राज्यातल्या सगळ्या चर्चमध्ये रविवारी राजघराण्यासाठी जी प्रार्थना व्हायची, तिच्यातून मुलीचं नाव काढायला लावलं. त्यानंतर अकरा वर्षं, म्हणजे मरेपर्यंत, त्याने तिला एक ओळ लिहिली नाही. बाबांच्या शेवटच्या प्रकरणाचा सगळा डोलारा यावर उभा होता. एवढा प्रेमळ माणूस, पण शब्दाला जागला तो जागलाच, असा त्याचा सूर.

आता माझं सांगते. सात वर्षांपूर्वी आम्ही नवराबायकोने इथलं नागरिकत्व घेतलं. दोन पासपोर्ट ठेवता येत नाहीत, त्यामुळे भारताचा निळा पासपोर्ट परत करावा लागला. इथल्या मराठी घरांत हा विषय चहाबरोबर निघतो: पीआरच, म्हणजे नुसते कायमचे रहिवासीच, राहायचं की पुढे जाऊन नागरिक व्हायचं, मुलांचं काय, पुण्यातल्या फ्लॅटचं काय. लोक कागदावर दोन रकाने आखून फायदे-तोटे मांडतात. आम्हीही मांडले. त्या दोन्ही रकान्यांत बाबा कुठे नव्हते. सगळं झाल्यावर मी फोन करून सांगितलं तेव्हा ते "बरं" म्हणाले आणि फोन आईकडे दिला. पुढचे चौदा महिने ते माझ्याशी बोलले नाहीत.

बाबा काही झेंडे मिरवणारे नव्हेत. सव्वीस जानेवारीला शाळेत उशिरा पोचणारे हेच. म्हणून मला त्यांचा राग समजेना, आणि समजत नाही म्हणून मी विचारलंही नाही. मीही त्यांचीच मुलगी. बोलायचं नसेल तर नका बोलू, माझं काही अडत नाही, असं मी नवऱ्याला ऐकवत असे, आणि बिचारा ऐकून घ्यायचा.

मग आई गेली. एका दुपारी, बसल्या जागी. व्हिसा काढून मी माझ्याच गावी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. बाबा दारात उभे होते. "जेवलीस का?" एवढंच म्हणाले. तेव्हापासून दर रविवारी मी फोन करते आणि बाबा उचलतात; तब्येत, पाऊसपाणी आणि राजा, असं बोलणं होतं. पण ते मला माफ करून फोन उचलतात, की उचलायला घरात दुसरं कोणी उरलं नाही म्हणून उचलतात, हे इतक्या वर्षांत मला कळलं नव्हतं. शेहेचाळीस वर्षांची बाई मी, ऑफिसात माझ्या नजरेला माणसं टरकतात, आणि रविवारी फोन ठेवला की हाच एक प्रश्न घेऊन भांडी घासत उभी राहायचे.

यंदा बाबांच्या डोळ्यांनी दगा दिला. त्यांच्या आजारात मधलं दिसेनासं होतं आणि कडेचं दिसत राहतं. समोरच्याचे कान दिसतात, तोंड दिसत नाही, असं ते हसत सांगतात. वाचणं वर्षभरात बंद होईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. पुस्तक त्याआधी हातावेगळं करायचं म्हणून मी त्यांना तीन महिन्यांसाठी पासिर रिसला आणलं. सामानात कपडे कमी, कागद जास्त. शिवाय पुण्याचं मराठी कॅलेंडर गुंडाळी करून आणलेलं; आल्या दिवशी ते आमच्या फ्रिजशेजारी लागलं.

कामाची वाटणी अशी ठरली: माझी चौदा वर्षांची लेक शाळेतून आली की त्या ग्रंथातलं इंग्रजी मोठ्याने वाचणार, बाबा मराठीत सांगणार आणि संध्याकाळी मी टाइप करणार. लेकीला मराठी समजतं पण बोलताना ती इंग्रजीत घसरते, आणि इथल्या सगळ्यांसारखं वाक्याच्या शेवटी 'लाह' लावते. सतराव्या शतकातली दरबारी पत्रं तिच्या तोंडून ऐकणं म्हणजे मौज होती.

"आजोबा, तो डॉटरचं नाव प्रेयरमधून काढतो? सो ड्रामा, लाह."

"ड्रामा नव्हे. तत्त्व," बाबा म्हणायचे.

"सेम थिंग, लाह."

बाबांना ती आवडायची त्याचं कारण मला वाटतं हेच, की ती त्यांना घाबरत नव्हती.

एकदा वाचता वाचता ती पुस्तकाच्या शेवटच्या पानांत शिरली आणि तिथे तिला राजाने मुलीला लिहिलेलं एक पत्र सापडलं. बाबांनी तिला थांबवलं. "ते सोड. ते बनावट आहे." मी कपडे वाळत घालत होते, आतूनच विचारलं की कशावरून. बाबांनी समजावलं: दरबारच्या टिपणवहीत राजाच्या मृत्यूचा दिवस लिहिलेला आहे, आणि पत्रावरची तारीख त्यानंतर सहा दिवसांची. मेलेला माणूस पत्र लिहीत नाही. मुलीच्या सासरच्यांनी वारशाच्या लोभाने ते कुणाकडून तरी लिहवून घेतलं असणार. बाबांनी तशी तळटीपही दिली होती आणि ती टाइप मीच केली होती. तेव्हा मला काही खटकलं नव्हतं.

मग लेकीचा वाढदिवस आला. बाबा आमच्या घरात सगळ्यांचे वाढदिवस तिथीने धरतात. तारखेचा केक तो वेगळा. पण यंदा घोळ झाला. फ्रिजशेजारच्या कॅलेंडरात ती तिथी मंगळवारी होती, आणि इथल्या देवळातून आणलेल्या पत्रकात बुधवारी. इथे राहणाऱ्यांना हे नवं नाही. सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची धरतात, आणि पुण्यात सूर्य उगवतो तेव्हा इथे नऊ वाजून गेलेले असतात. त्यामुळे अधूनमधून तिथी एक दिवस पुढेमागे होते, आणि चतुर्थीचा उपास नक्की कधी यावर इथल्या बायकांचे फोन सुरू होतात.

"पुण्याचं धरायचं," बाबा म्हणाले.

"बाबा, ती जन्मली इथे. तिचा सूर्य इथला."

"पंचांग घरचं असतं."

"घर इथे आहे."

मी ते जरा जोरात बोलले.  आमचं भांडण वाढदिवसावरून चाललेलं नाही हे दोघांनाही कळलं होतं, आणि पुढचं बोलायची हिंमत दोघांतही नव्हती. शेवटी लेकीनेच निकाल लावला. "मंगळवारपण, बुधवारपण. प्लस केक. कॅन, लाह." इथल्या बोलीत 'कॅन' म्हणजे जमेल. मग मी दोन्ही दिवशी औक्षण केलं आणि दोन्ही दिवशी बाबा पाट मांडून बसले.

गुरुवारी सकाळी मी ऑफिसला जायला मेट्रोत बसले. पासिर रिस हे लाइनचं शेवटचं स्टेशन, त्यामुळे आम्हाला बसायला जागा मिळते, आणि जुरोंग ईस्टपर्यंत तासाभराची निश्चिंती. मी लॅपटॉप उघडून शेवटचं प्रकरण तपासायला घेतलं. माझं काम सॉफ्टवेअर तपासण्याचं आहे. चार देशांत चालणाऱ्या प्रणाली, आणि त्यातल्या निम्म्या चुका तारखांच्या: इथला सोमवार तिकडे अजून रविवारच असतो. माझ्या टीमला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवते. दोन तारखांचं जमत नसेल तर कोणाला खोटं ठरवू नका, आधी विचारा की तारीख कुणाच्या घड्याळाची. आणि इथे मी माझ्याच हाताने टाइप केलेली तळटीप वाचत होते: मृत्यूनंतर सहा दिवसांनी, सबब बनावट.

जेवणाच्या सुट्टीत जेवले नाही. जुरोंग ईस्टच्या लायब्ररीत जाऊन युरोपच्या इतिहासाची दोन साधी पुस्तकं काढली. पोपने जुनं कॅलेंडर बदलून दहा दिवस गाळले, हे बाबा वर्गात रंगवून सांगायचे; रात्री झोपलेले लोक दहा दिवसांनी उठले म्हणून मुलं हसायची. पण ते सगळ्यांनी एकदम गाळले नव्हते. कॅथलिक राज्यांनी लगेच गाळले. प्रॉटेस्टंट राज्यं पोपचं ऐकायचं नाही म्हणून शंभरावर वर्षं जुन्याच तारखांना चिकटून राहिली. एका ओढ्याच्या दोन काठांवर दहा दिवसांचा फरक. टिपणवहीतली मृत्यूची तारीख राजाच्या जुन्या कॅलेंडरची होती. पत्रावरची तारीख मुलीच्या सासरकडच्या, नव्या कॅलेंडरची असेल, तर पत्र मेल्यानंतर सहा दिवसांनी नव्हे, मरायच्या चार दिवस आधी लिहिलेलं होतं.

मी दोन दिवस कुणाला काही सांगितलं नाही. बाबा परत जायला तीन आठवडे उरले होते, प्रकरण संपलं होतं, आणि भिंग लावूनही त्यांना आता ओळ धरता येत नव्हती. बारा वर्षांच्या कामाचा शेवट मोडायचा म्हणजे काय, ते मला कळत होतं. पण खरी भीती वेगळीच होती. राजाने मुलीला पत्र लिहिलं होतं असं मी, मीच, जाऊन सांगायचं. त्यांना वाटलं असतं की पोरगी राजाच्या आडून आपली वकिली करतेय. आणि वाटलं असतं ते अगदीच खोटंही नव्हतं.

शनिवारी नाश्त्याला सांगून टाकलं.

"दहा दिवसांचं मला माहीत आहे," बाबा म्हणाले. "मी शिकवलंय ते."

"सगळ्यांनी एकदम नाही बदललं, बाबा."

 मग त्यांनी लेकीला हाक मारून पत्रावरची तारीख वाचायला लावली, मग मृत्यूची नोंद, मग पुन्हा तारीख. बोटांवर मोजलं. पोहे गार झाले.

"पत्र खरं आहे," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "तारीख त्याने तिच्याकडची घातलीय."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी गणित सोडवलं होतं, पण पोपचं कॅलेंडर आपल्या राज्यात फिरकू न देणाऱ्या त्या माणसाने, चार दिवसांचा सोबती असताना, लेकीला लिहिताना वर तिच्या घरची तारीख घातली होती. ते बाबांना दिसलं.

ते चपला घालून समुद्राकडे निघाले. एकटं सोडवेना म्हणून मीही मागून गेले. बाकावर बसलो. समोर जहाजं उभी होती आणि डोक्यावरून विमानं उतरत होती. "मला वाटायचं मी त्याला ओळखतो," बाबा म्हणाले. मला त्यांचा हात धरावासा वाटला, आणि मी धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

मग पुढचे दोन आठवडे आम्ही शेवटचं प्रकरण नव्याने लिहिलं. बाबा डोळे मिटून सांगायचे, मी टाइप करायचे. अडलं की ते चिडायचे, मीही चिडायचे, लेक मध्ये पडायची. लाल शाईचं ते नाव त्यांनी स्वतःच खोडलं. दुसरं अजून सुचलेलं नाही.

जायच्या तीन दिवस आधी, दुपारच्या जेवणानंतर, फक्त ते पत्र मराठीत आणायचं राहिलं होतं. लेक शिकवणीला गेली होती, म्हणून इंग्रजीतलं एकेक वाक्य मीच वाचून दाखवत होते. पत्रात मोठं काही नव्हतं. तिचा खोकला अजून हिवाळ्यात उसळतो का, असं त्याने विचारलं होतं. स्वतःचा पाय सुजलाय, जिना चढवत नाही, म्हणून पलंग खाली आणलाय. तिच्या लहानपणीची म्हातारी कुत्री गेली. यंदा नासपती चांगल्या आल्या, वाट बरी असेल तर एक टोपली पाठवतो. अकरा वर्षांबद्दल एक अक्षर नाही. शेवटी सही.

सही टाइप करून मी हात उचलले.

"पुढे लिही," बाबा म्हणाले.

"पत्र संपलं, बाबा."

"लिही. फोन वाजायचा तेव्हा मी घरातच असायचो."

मी 'फोन' हा शब्द टाइप केला आणि मग कळलं. बाबांनी डोळे मिटलेलेच होते.

"लिहितेस ना? तुझी आई बोलायची, मी दाराआड उभा राहून ऐकायचो. मोठ्याने बोल, असं मीच तिला सांगून ठेवलं होतं. पोरीचा ताप, तुझं नवं ऑफिस, मला सगळं ठाऊक होतं. पासपोर्टचं काही नव्हतं. तू विचारलं नाहीस, नुसतं कळवलंस, ते लागलं. पुढे राग गेला. पण इतके दिवस न बोलल्यावर फोन हातात कसा घ्यायचा, ते जमेना." ते थांबले. "तुझी आई गेली नसती तरी मी घेतला असता. त्या रविवारी नाही तर पुढच्या. एवढं लिही."

मी लिहिलं. अक्षरं मला नीट दिसत नव्हती, त्यामुळे चुकाही झाल्या.

"वाचून दाखव."

मी वाचलं. दोनदा थांबावं लागलं, आणि दोन्ही वेळा बाबाही थांबले.

"बरोबर उतरलंय," ते म्हणाले. "आता तेवढं काढून टाक. पुस्तक राजाचं आहे."

मी काढलं. काढायच्या आधी आणखी एकदा वाचलं, मनातल्या मनात, आणि बाबांना सांगितलं की चहा टाकते.